बाळाची कावीळ चौदाव्या दिवशीही उतरली नसेल तर काय करायचं

नवजात बाळाला कावीळ होणं नवीन नाही. निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात आणि आपोआप बरी होतात. हे लिहितेय ते उरलेल्या थोड्या बाळांसाठी, ज्यांची कावीळ दोन आठवडे झाले तरी जात नाही आणि घरात सगळे म्हणत राहतात, "जाईल गं, उन्हात धर थोडं."

मी लहान मुलांच्या लिव्हर विभागात समन्वयक आहे. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते. डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला कुठलं औषध किती द्यायचं ते मी इथे सांगणार नाही. पण फायली माझ्या हातातून जातात, रात्रीचे फोन मला येतात आणि कोणाचे दिवस कुठे वाया गेले हे मला बरोबर दिसतं. ते बहुतेक वेळा घरात आणि पहिल्या दवाखान्यात जातात, मोठ्या हॉस्पिटलात नव्हे.

आधी लंगोट बघा

बाळाची शी आणि शू दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली रंग फसवतो. डायपर लावत असाल तर दोन दिवस सुती लंगोट वापरा, कारण डायपरमध्ये शू शोषली जाते आणि तिचा रंग कळतच नाही.

पिवळी, मोहरीच्या रंगाची, हिरवी, हिरवट तपकिरी शी चालते. आजीला हिरवी शी आवडत नाही, पण तिने काही बिघडत नाही. पांढरी, राखाडी, मातकट किंवा अगदी फिकट सायीच्या रंगाची शी मात्र चालत नाही. शीला रंग येतो तो पित्तामुळे. रंग नाही म्हणजे पित्त आतड्यापर्यंत पोचत नाहीये. काही बाळांत हा रंग हळूहळू उडतो, म्हणून एकदा पिवळी दिसली की निश्चिंत होऊ नका. रोज फोटो काढा, फोनवर तारीख आपोआप पडते. डॉक्टरांसमोर "पांढरी होती की पिवळी?" यावर नवरा-बायको वाद घालतात, तेव्हा हे फोटो फार कामाला येतात.

शूचं उलटं. तान्ह्या बाळाची शू जवळजवळ पाण्यासारखी बिनरंगी असते. लंगोट वाळल्यावर पिवळा डाग राहत असेल तर ती खूण समजा. एक इशारा देऊन ठेवते: बाळघुटीतलं हळकुंड लंगोटाला, दुपट्याला, सगळ्याला रंग लावतं. डाग हळदीचा की शूचा, हे घुटी थांबवल्याशिवाय कळायचं नाही. (घुटी तशीही नकोच. त्या सहाणेवर काय काय उगाळलं गेलंय, ते कोणालाच माहीत नसतं.)

तैवानमध्ये हीच गोष्ट त्यांनी सरकारी पातळीवर केली. तिथे पित्तनलिका बंद असण्याचा आजार जगातल्या इतर बऱ्याच भागांपेक्षा जास्त आढळतो. मेई-ह्वेई चांग या बालयकृततज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीच्या रंगांचं एक कार्ड तयार केलं आणि २००४ पासून ते देशातल्या प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत घातलं. आईने लंगोट कार्डाशी ताडून बघायचा आणि रंग चुकीच्या बाजूचा असेल तर फोन करायचा. एवढ्यावर तिथली ऑपरेशनं लवकर व्हायला लागली. जपाननेही २०१२ पासून असं कार्ड माता-बाल पुस्तिकेत दिलं. आपल्याकडच्या लसीकरणाच्या कार्डावर ते छापायला काय हरकत आहे, हे मला कधी समजलेलं नाही.

"डायरेक्ट किती आहे?" हे विचारा

चौदा दिवस पूर्ण झाले आणि डोळे अजून पिवळे आहेत तर रक्त तपासायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला फार तर एकवीस दिवस. शी पांढरी असेल तर चौदा दिवसांचीही वाट बघायची नाही.

रक्ताच्या चिठ्ठीवर "बिलिरुबिन, टोटल आणि डायरेक्ट" असं लिहून घ्या. काही लॅबवाले 'कॉन्जुगेटेड' म्हणतात. नुसतं टोटल केलं तर पैसे गेले समजा. टोटल आठ मिलिग्रॅम असेल आणि डायरेक्ट फक्त अर्धा मिलिग्रॅम (०.५), तर ती बहुधा अंगावरच्या दुधाची कावीळ असते आणि बाळाला काही त्रास होत नाही. टोटल सहाच आहे पण डायरेक्ट चार आहे, तर ते बाळ आमचं. डायरेक्ट १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कारण शोधायलाच हवं, मग बाळ कितीही गुटगुटीत असो. आणि ही बाळं सुरुवातीला गुटगुटीतच असतात. पितात, झोपतात, वजन घेतात. म्हणूनच सगळे फसतात.

डायरेक्ट वाढलेल्या काविळीला ऊन लागू पडत नाही आणि निळ्या दिव्याची पेटीही. ते दोन्ही उपाय दुसऱ्या प्रकारच्या काविळीचे. कोणी "आणखी आठ दिवस कोवळ्या उन्हात धरा" म्हणालं तर नम्रपणे डायरेक्टचा आकडा पुढे ठेवा.

आशाताई घरी येतात त्याचाही उपयोग करून घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बघायचं असतं. चौदाव्या दिवसाच्या भेटीत त्यांना लंगोट दाखवा. वजनकाटा त्या आणतातच.

आणखी एक प्रश्न त्याच दिवशी: जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलं होतं का? डिस्चार्ज कार्डावर बघा. पित्त आतड्यात उतरत नसेल तर हे जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठत नाही. नाळेतून, नाकातून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नसेल, किंवा बाळ अचानक मलूल झालं, टाळू फुगली, तर रांगेत बसू नका, थेट इमर्जन्सीला जा. मेंदूत रक्तस्राव झाल्यावरच लिव्हरचा आजार लक्षात आला, अशी बाळं आम्ही पाहिली आहेत.

सव्वा महिना आणि साठ दिवस

आपल्याकडे बाळंतीण माहेरी असते आणि सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. प्रथा चांगली आहे, आईला विश्रांती मिळते, बाळाला चार लोकांचा संसर्ग होत नाही. पण या एका आजाराच्या बाबतीत तिचा हिशेब जुळत नाही. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात (डॉक्टर त्याला बिलिअरी अट्रेसिया म्हणतात) पहिलं ऑपरेशन साठ दिवसांच्या आत व्हावं अशी धडपड असते, त्याहून लवकर झालं तर उत्तमच. सव्वा महिन्यात चाळीस दिवस संपतात. मग दीड महिन्याच्या लसीला बाळ येतं, तिथल्या सिस्टर म्हणतात "डोळे पिवळे दिसतात की हो", मग रक्त, मग सोनोग्राफी, मग शहरात कोण ओळखीचं आहे याची चौकशी. आमच्याकडे पोचेपर्यंत तिसरा महिना लागलेला असतो.

त्या ऑपरेशनला कासाई म्हणतात. सेंदाईतल्या तोहोकू विद्यापीठात मोरिओ कासाई नावाचे सर्जन होते. १९५०च्या दशकापर्यंत हा आजार म्हणजे मृत्यूच होता, कारण जोडायला नळीच सापडायची नाही. कासाईंनी लिव्हरच्या तळाशी जिथून पित्त बाहेर पडायला हवं ती सगळी घट्ट झालेली जागा कापली आणि आतड्याचाच एक वेढा वर आणून तिथे शिवला. १९५९ मध्ये त्यांनी ते जपानी भाषेत प्रसिद्ध केलं. इंग्रजीत सविस्तर यायला १९६८ उजाडलं, आणि पाश्चात्त्य सर्जन बराच काळ विश्वास ठेवायला तयार नव्हते. आज जगभर तेच करतात.

कासाईपूर्वी काय काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे धावपळीत गोंधळ उडणार नाही. सोनोग्राफी उपाशीपोटी करतात, साधारण चार तास दूध न देता, कारण पित्ताशय भरलेलं आहे की नाही ते बघायचं असतं. दूध पाजून नेलंत तर परत पाठवतील. रक्तात संसर्ग, थायरॉइड आणि इतर गोष्टी बघतात. लघवीचीही तपासणी होते. गॅलॅक्टोसेमिया नावाचा आजार निघाला तर अंगावरचं दूधसुद्धा बंद करावं लागतं, आणि तेवढ्यानेही बाळ सावरू शकतं. म्हणून "अट्रेसियाच असेल" असं गृहीत धरू नका. कधी हायडा स्कॅन (पित्त आतड्यात उतरतं का ते दाखवणारा) सांगतात, कधी लिव्हरचा तुकडा काढतात. शेवटची खात्री ऑपरेशन टेबलावर, पित्ताशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे घेतात तेव्हा होते. एखाद्या तपासणीची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली तर "बाळ आज इतक्या दिवसांचं आहे" असं स्पष्ट सांगा. महिन्यांत सांगू नका, दिवसांत सांगा. ऐकणाऱ्याची घाई बदलते.

कासाई झालं म्हणजे आजार संपला असं नाही. वेळेवर झालं तर साधारण निम्म्या मुलांची कावीळ उतरते. त्यातल्याही बऱ्याच जणांना पुढे कधीतरी, कोणाला दोन वर्षांनी, कोणाला पंधरा वर्षांनी, नवीन लिव्हर लागतं. पण दहा किलोच्या मुलाचं प्रत्यारोपण आणि पाच किलोच्या बाळाचं प्रत्यारोपण यात फार फरक आहे. कासाई तो वेळ मिळवून देतं. कासाई झालेल्या बाळाला ताप आला तर तो सर्दीचा ताप म्हणून घरी बघत बसायचं नाही. पित्तमार्गात संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दाखवायचं.

वही घाला

शंभर पानी साधी वही. पहिल्या पानावर बाळाची जन्मतारीख, जन्माचं वजन, आई-वडिलांचे रक्तगट. मग तारीखवार: शी, शू, वजन, दूध किती, औषध काय, रिपोर्टचे आकडे. आम्ही विचारतो ते प्रश्न ऐकून पालकांना कधी कधी राग येतो. तुमचं लग्न नात्यात झालंय का? आधीचं बाळ गेलं होतं का, कसं? गरोदरपणात अंगाला खाज सुटत होती का? यातला एकही प्रश्न खोचक म्हणून विचारलेला नसतो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे सरसकट होतं आणि लिव्हरचे काही आजार दोन्हीकडून आलेल्या जनुकांमुळेच होतात.

अशा साध्या प्रश्नांतून काय निघू शकतं याचं उदाहरण पुण्यातलंच आहे, आणि ते मी प्रत्येक नव्या सिस्टरला सांगते. पूर्वी आपल्याकडे एक आजार होता, 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस'. वर्ष-दोन वर्षांची, चांगली बाळसेदार मुलं, पोट फुगायचं, लिव्हर दगडासारखं लागायचं आणि काही महिन्यांत मूल जायचं. एकाच घरात दोन-दोन. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या लिव्हरमधल्या तांब्याचा माग काढला. त्यांनी घरी दूध कशात तापवता, कशात ठेवता हे विचारलं. आजारी मुलांच्या घरी पुन्हा पुन्हा उत्तर आलं: तांब्याच्या नाहीतर पितळेच्या भांड्यात. बाळाला अंगावरचं सोडून लवकर वरचं दूध सुरू केलेलं, आणि ते दूध बिनकल्हईच्या भांड्यात तासन्‌तास. तांबं दुधात उतरत होतं. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं म्हणणं छापून आलं. पुढे पेनिसिलामाइन हे शरीरातलं तांबं काढणारं औषध लवकर दिलं तर मुलं वाचतात, हेही त्यांनी दाखवलं. घराघरांतून स्टीलची भांडी आली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आता तरुण डॉक्टर तो पुस्तकातच वाचतात.

सध्या तांब्याच्या बाटल्यांची हौस आली आहे. मोठ्यांनी प्यावं पाणी, माझी तक्रार नाही. बाळाचं दूध किंवा दुधात घालायचं पाणी मात्र त्यात ठेवू नका.

खायला घाला, भरपूर घाला

सगळ्यात जास्त भांडण मी याच विषयावर करते. कावीळ म्हटली की आपल्याकडे तेल-तूप बंद, नुसता वरणभात, उसाचा रस. मोठ्यांच्या काविळीतसुद्धा त्याचा फारसा उपयोग नाही. लिव्हर आजारी असलेल्या बाळाला तर ते मारक आहे. या मुलांना त्यांच्या वयाच्या मुलांपेक्षा सव्वा ते दीडपट उष्मांक लागतात आणि पित्ताअभावी चरबी नीट पचत नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा. प्रत्यारोपणाच्या टेबलावर कुपोषित मूल नेणं कोणत्याच सर्जनला नको असतं.

यावरचा उपाय म्हणजे एमसीटी तेल. त्यातले स्निग्धांश पित्ताशिवायही शोषले जातात. दुधात, पेजेत, खिमटीत वरून मिसळायचं, फोडणीला वापरायचं नाही. परवडत नसेल तर खोबरेल, खाण्याचं, त्याचाही काही अंश तसाच असतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या आया हे ऐकून खूश होतात, घाटावरच्या नाक मुरडतात. मात्र बाकीचं तेल सगळं तोडायचं नाही, थोडं लागतंच. किती आणि कशातून, हे आहारतज्ज्ञ बाईंकडून लिहून घ्या. डाळ, अंडं, दूध बंद करायचं नाही. "प्रोटीन लिव्हरला जड" हे वाक्य कोणी म्हणालं तर कोण म्हणालं ते मला सांगा.

अ, ड, ई आणि के ही चारही जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागतात. आणि वजनावर विसंबू नका. पोटात पाणी झालं, लिव्हर आणि प्लीहा मोठी झाली की काटा वर जातो आणि आई म्हणते, "वजन तर वाढतंय." दंड बघा. अंगणवाडीत दंडाची पट्टी असते, महिन्यातून एकदा एकाच हाताच्या एकाच जागी मोजा आणि वहीत मांडा. दंड बारीक होत चाललाय आणि वजन वाढतंय, तर ते वाढलेलं वजन पाण्याचं आहे.

लसी उरकून घ्या. प्रत्यारोपणानंतर जिवंत विषाणूंच्या लसी (गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या) सहसा देत नाहीत, म्हणून आधी, निदान चार आठवडे अंतर ठेवून द्याव्या लागतात. गरज पडली तर डॉक्टर गोवराची लस वेळेआधीही देतात. आजारी आहे म्हणून लस पुढे ढकलणारे दवाखाने अजून आहेत. आमच्याकडून चिठ्ठी न्या.

काळी डांबरासारखी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर फोन करत बसू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, वाटेत फोन करा. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या असू शकतात.

माळ घालणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणं याने नुकसान होत नाही, दिवस मात्र जातात. पोटावर चटके देणं वेगळं. मेळघाटातून अजून अधूनमधून तशा बातम्या येतात. त्या आईवर ओरडून काही होत नाही. पोट का फुगलं ते तिला कोणी सांगितलेलं नसतं, आणि मांत्रिकाने निदान हात तरी लावलेला असतो.

प्रत्यारोपणाचा शब्द निघाला की

डॉक्टर हा शब्द काढतात तेव्हा पालकांना पुढचं काही ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी परत या आणि परत विचारा. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी 'पेल्ड' नावाचा एक गुणांक काढतात: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायचा वेळ, वय आणि वाढ खुंटली आहे का. तो चढत असेल तर थांबण्यात अर्थ नसतो.

हे प्रयोग आहेत का, असं आजोबा हमखास विचारतात. नाहीत. १ मार्च १९६३ ला डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी माणसावर पहिलं लिव्हर प्रत्यारोपण केलं, तो रुग्णही बिलिअरी अट्रेसिया असलेला तीन वर्षांचा मुलगाच होता. रक्तस्रावाने तो टेबलावरच गेला. १९६७ मध्ये एक छोटी मुलगी वर्षाहून जास्त जगली. मोठा अडथळा होता तो लहान मुलाच्या मापाचं लिव्हर मिळण्याचा. १९८९ मध्ये ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या लिव्हरचा तुकडा तिच्या मुलाला बसवला आणि तो यशस्वी झाला. आपल्याकडे नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलोत कांचीपुरमच्या वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांनी लिव्हरचा भाग दिला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. हे शेवटचं वाक्य आजोबांना पुरतं.

तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाच्या लिव्हरचा डावीकडचा छोटा भाग, साधारण पाचवा हिस्सा, पुरतो. देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत बरंचसं भरून येतं. देणारा अठरा वर्षांच्या पुढचा, निरोगी, लिव्हरवर चरबी नसलेला हवा. चरबी असेल तर वजन उतरवायला सांगतात, आणि मुलासाठी रोज पहाटे टेकडी चढणारे बाप मी पाहिले आहेत.

अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यात जवळचे नातेवाईक ठरवून दिले आहेत: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. २०११च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. मामा, काका, मावशी, आत्या त्यात बसत नाहीत. त्यांचा प्रस्ताव परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जातो आणि त्याला वेळ लागतो.

कागद आजच बघा. निम्मी अडचण नावांची असते. आईच्या आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. बाळाच्या जन्मदाखल्यावर नावच घातलेलं नाही, कारण बारसं राहिलं. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन बाळाचं नाव चढवून आणा. आईची दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला लग्नाचा दाखला लागेल. तो नसेल तर विवाह नोंदणीच्या मागे लागा.

आता थोडं नाजूक. देणाऱ्यात बायका जास्त असतात, आपल्या देशात सगळीकडे. घरात बैठक बसते आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. देणाऱ्याशी आम्ही एकटीशी किंवा एकट्याशी बोलतो, दार लावून. नको असेल तर "नाही" म्हणायची मुभा आहे, आणि तेव्हा घरच्यांना कारण सांगायची आमच्यावर सक्ती नाही. या छोट्या भागाच्या शस्त्रक्रियेत देणाऱ्याच्या जिवाला धोका साधारण हजारात एक असा सांगतात. कमी आहे, पण शून्य नाही, आणि सासूबाईंनाही तो आकडा ऐकायला लावा. आई देणार असेल तर ती एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर आयसीयूत. वडील एकटे पुरत नाहीत. आत्या किंवा मावशी, कोणीतरी एक जण सुट्टी काढून यायलाच हवं.

घरात कोणीच जुळत नसेल तर मरणोत्तर दानाच्या यादीत नाव घालतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांतून ती चालते. नाव रुग्णालयच घालतं, तुम्ही फॉर्म शोधत फिरू नका.

पैशांबद्दल: खासगीत खर्च लाखांच्या दोन आकडी घरात जातो. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा. मुख्यमंत्री सहायता निधी, देवस्थानांचे आणि उद्योगसमूहांचे ट्रस्ट यांची यादी त्यांच्याकडे तयार असते. गावाने वर्गणी काढली तर ती रुग्णालयाच्या खात्यावर घ्या, नातेवाइकाच्या नको. शेत विकायच्या आधी एकदा समाजसेवकांना भेटाच.

नंतरची वर्षं

टॅक्रोलिमस नावाचं औषध जन्मभर आहे. शरीराने नवं लिव्हर परकं ठरवू नये म्हणून. १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या मातीतल्या जंतूपासून ते मिळालं, आणि १९८९ मध्ये स्टार्झल यांच्याच पिट्सबर्गच्या चमूने ते पहिल्यांदा रुग्णांना दिलं. बारा तासांच्या अंतराने, रोज त्याच वेळी. नऊ-नऊ ही वेळ बहुतेक घरांना जमते. सात-सात ठरवली की रविवारी चुकते.

लेव्हल (रक्तात हे औषध किती आहे ते) तपासायच्या सकाळी रक्त देईपर्यंत सकाळचा डोस द्यायचा नाही. हे इतक्यांदा चुकतं की मी आदल्या रात्री मेसेज पाठवते. डोस घेऊन दिलेलं रक्त उगीच जास्त आकडा दाखवतं आणि त्यावरून कोणी डोस कमी केला तर घात होतो. औषध देऊन मूल ओकलं तर परत द्यायचं का, हे किती वेळात ओकलं त्यावर असतं, फोन करून विचारा. केमिस्टने "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरं दिलं तर घेऊ नका, आधी विचारा.

गावच्या डॉक्टरांनी दिलेली साधी औषधंही याच्याशी भांडतात. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोलने टॅक्रोलिमस वाढतं, क्षयाच्या रिफॅम्पिसिनने आणि फिटच्या काही गोळ्यांनी उतरतं. म्हणून चिठ्ठीचा फोटो आधी आम्हाला. आयब्युप्रोफेन नको. पपनस आणि ग्रेपफ्रूट नको. गणपतीत फळांच्या टोपलीत पपनस असतं, ते मुलाच्या ताटात येऊ देऊ नका. गुळवेल नको: करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घेऊन लिव्हरला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, आणि प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही या मुलांच्या बाबतीत उलटं पडतं. ती शक्ती आपण मुद्दाम दाबून ठेवली आहे.

पल्स पोलिओच्या रविवारी घरी आलेल्या ताईंना हे मूल दाखवून सांगा, याला तोंडाने थेंब नाहीत. घरातल्या भावंडांबद्दलही आधी डॉक्टरांना विचारा, कारण थेंबांतला जिवंत विषाणू शीतून बाहेर पडतो.

पहिले तीन महिने गर्दी, लग्नं, जत्रा टाळायच्या. त्यानंतर शाळा. मधल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, मुलं खेळतात, पडतात, नापास होतात.

नंतर चौदा-पंधरावं वर्ष येतं. तोवर आईने एकही डोस चुकवलेला नसतो. मग मुलगा म्हणतो मी माझं घेतो, आणि घेत नाही. त्याला काही दुखत नसतं, मित्रांत डबी काढायची लाज वाटते, आणि लेव्हल शून्याच्या जवळ येईपर्यंत कोणाला कळत नाही. यावर ओरडण्याचा उपयोग होत नाही. बाराव्या वर्षापासूनच हळूहळू सुरुवात करा: आठवड्याची डबी त्याने भरायची, तुम्ही फक्त बघायची. गजर त्याच्या फोनमध्ये. लॅबला फोन त्याने करायचा, रिपोर्ट त्याने वाचायचा. ओपीडीत डॉक्टरांनी प्रश्न विचारला की आईने गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. आणि ती शंभर पानी वही त्याच्या ताब्यात द्या. आत्तापर्यंत त्या चार-पाच झालेल्या असतील, सगळ्या द्या.